वेरा कराल्लीचं पोस्टकार्ड : प्रकल्प नोंदी

११ जून

काकूंच्या संग्रहाचं काम आजपासून. १९७०च्या दशकात त्या मॉस्कोत शिकायला होत्या आणि विद्यावेतनातले उरलेले रूबल जुन्या पुस्तकांच्या दुकानांत घालवायच्या. तिथं खोक्यात पडलेली, क्रांतीच्या आधीची नट-नट्यांची फोटो-पोस्टकार्डं त्यांनी उचलली आणि इतकी वर्षं बुटाच्या खोक्यात सांभाळली. सप्टेंबरात त्यांच्या नृत्यवर्गाच्या हॉलमध्ये छोटंसं प्रदर्शन आहे. माझ्याकडे काम असं : कार्डं स्थिर करणं, चांगली छायाप्रत काढणं, आणि भिंतीवर लावायचा मजकूर खात्रीचा असेल असं बघणं.

सुरुवात वेरा कराल्लीपासून : रशियन बॅले-नर्तिका, पुढे मूकपटांतली नटी. काकूंचं सगळ्यात लाडकं कार्ड हेच.

अवस्था : आकार नेहमीचा, ९ × १४ सेंमी. छातीपर्यंतचं चित्र, मान डावीकडे कललेली, दोन्ही कानांवर पांढऱ्या पिसांचा शिरपेच, नजर खाली. खालच्या कडेला बारीक अक्षरांत तिचं नाव आणि ‘फोटो के. फिशर, मॉस्को’. फिशरच्या नावाच्या शेवटी जुन्या लिपीतलं मुकं अक्षर आहे. ते १९१८च्या लेखनसुधारणेत गेलं, म्हणजे छपाई त्याआधीची. उजव्या खालच्या कोपऱ्याला घडी, घडीवर इमल्शन तडकलंय. काळ्या पार्श्वभूमीवर आणि कडांना बांगड्याच्या पाठीसारखी निळसर-चंदेरी झाक. मागं तपकिरी ठिपके, शाईतला मजकूर, तिकीट शाबूत, शिक्का पुसट.

कार्ड ज्या पाकिटात होतं त्यावर दुकानदाराच्या पेन्सिलीतलं रशियन : ‘मरणारा हंस, १९१७’. म्हणजे त्याच्या मते हे बॅलेचं चित्र नव्हे, सिनेमाचं. काकूही इतकी वर्षं तेच सांगत आल्यात. हे आधी तपासायला हवं, कारण मजकुराची सगळी मदार त्यावर आहे.

१३ जून

बाईंची माहिती एका जागी आणली.

जन्म १८८९, मॉस्को. मॉस्कोच्या बोल्शोई या बॅले-नाट्यगृहाच्या शाळेत अलेक्झांडर गोर्स्कीच्या हाताखाली तयार झाली, १९०६ साली बाहेर पडून थेट बोल्शोईच्या रंगमंचावर. लवकरच ‘स्वान लेक’मधली मुख्य भूमिका. १९०९च्या मे महिन्यात बॅले-संयोजक द्यागिलेवने पॅरिसमध्ये शातले नाट्यगृहात आपला पहिला रशियन बॅले हंगाम उघडला, त्या पहिल्याच रात्री ‘ल पाव्हियों दार्मीद’मध्ये आर्मीद नाचली ती कराल्ली, मिखाईल मोर्दकिनबरोबर. त्या रात्रीची आठवण निघाली की लोक नर्तक निजिन्स्कीचं नाव घेतात. शीर्षकभूमिका हिची होती हे सांगावं लागतं.

सिनेमात आली १९१४ साली. प्योत्र चार्दिनिनचा चित्रपट, निर्माता खान्झोन्कोव, समोर इव्हान मोझुखिन. हा तोच मोझुखिन, ज्याचा निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीला, कधी शवपेटीला जोडून दिग्दर्शक कुलेशॉवने संकलनाचा पहिला धडा दिला. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या कुठल्याही विद्यार्थ्याला तो चेहरा माहीत असतो, नाव बहुधा नसतं. मग दिग्दर्शक येवगेनी बाउअर, आणि कराल्लीचे आज टिकून असलेले सगळ्यात महत्त्वाचे दोन चित्रपट : ‘मृत्यूनंतर’ (१९१५) आणि ‘मरणारा हंस’ (१९१७).

रास्पुतिनच्या खुनाच्या रात्री, म्हणजे डिसेंबर १९१६ मध्ये, युसुपोवच्या पेत्रोग्राडमधल्या वाड्यात ती होती असं बोललं जातं, कारण कटातल्या ग्रँड ड्यूक दिमित्री पाव्हलोविचशी तिचे संबंध होते. सिद्ध काहीच झालेलं नाही. भिंतीवर हे लिहिणार नाही. लिहिलं तर प्रेक्षक दुसरं काही वाचणारच नाहीत.

क्रांतीनंतर देश सुटला. १९२१ साली जर्मनीत रॉबर्ट वीनेच्या एका चित्रपटात काम, लिथुआनियात काउनासला नृत्य शिकवणं, १९३०च्या दशकात बुखारेस्टमध्ये बॅले-शिक्षिका, शेवटी ऑस्ट्रिया. १९७२ साली व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये वारली. काकू मॉस्कोत दुकानं पालथी घालत होत्या तेव्हा बाई नुकत्याच गेल्या होत्या. काकूंना हे माहीत नव्हतं. फोनवर काही क्षण गप्पच झाल्या.

१७ जून

दहापट भिंगाखाली पुढची बाजू. छपाईचे ठिपके नाहीत, कोलोटाइपमध्ये (शाईच्या छपाईची एक जुनी रीत) दिसते तशी बारीक सुरकुत्यांची जाळीही नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सलग उतार. म्हणजे हा खरा फोटो : बेराइटाचा थर दिलेल्या ब्रोमाइड कागदावर चांदीची प्रतिमा. अशी कार्डं त्या काळात लांबलचक रोलवर यंत्राने उजेड देऊन हजारोंनी काढत. बर्लिनच्या नॉये फोटोग्राफिशे गेझेलशाफ्टने तर त्याचा कारखानाच उभा केला होता. ‘खरा फोटो’ म्हणजे ‘एकमेव फोटो’ नव्हे, हे काकूंच्या पुतण्याला आजच सांगून ठेवलं. त्याच्या डोक्यात लिलावाचे आकडे फिरतायत.

मग दिवा आडवा, जवळजवळ टेबलाला टेकवून. तिरप्या उजेडात कागदाचा उंचसखलपणा वर येतो. टचिंग मात्र कागदावर नाही, काचेच्या निगेटिव्हवर केलेलं आहे, त्यामुळे ते उजेडात नव्हे, भिंगातच सापडतं. मानेच्या डाव्या रेषेला लागून बारीक, एकाच दिशेच्या फिकट रेघा. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरली की प्रिंटवर तिथं उजळ उतरतं. हनुवटीखालची सावली अशीच रेघारेघांनी हलकी केली आहे. डाव्या खांद्याच्या कडेला उलटा प्रकार : निगेटिव्हचा थर पात्याने खरवडलाय, म्हणून प्रिंटवर खांद्याचा तो भाग पार्श्वभूमीइतका काळा झाला आणि खांदा अरुंद दिसू लागला. डोळ्यांत मात्र हात घातलेला नाही. दोन्ही बुबुळांवर खिडकीचं एकच उभट प्रतिबिंब आहे. वरून येणारा उत्तरेचा उजेड, स्टुडिओचं काचेचं छप्पर. पापण्या पूर्ण मिटलेल्या नाहीत, हे इतक्या जवळून पाहिल्यावरच कळतं.

काम करणारा सराईत होता. पुण्यातल्या जुन्या स्टुडिओंत लग्नाच्या स्थळांसाठी काढलेल्या फोटोंवर टचिंग करणारी माणसं होती, त्यांच्या हातचे निगेटिव्ह मी पाहिलेत. हनुवटीखाली ती हीच युक्ती करत.

कार्ल फिशर म्हणजे बोल्शोई आणि माली नाट्यगृहांच्या कलावंतांना कॅमेऱ्यासमोर बसवणारा माणूस. त्याचं नाव खाली आहे एवढ्यावरून बॅले की सिनेमा ठरत नाही. नाव असलेली नर्तिका सिनेमात गेली तरी फोटो काढून घ्यायला जुन्याच स्टुडिओत जाणार.

पिसांवरूनही काही ठरत नाही. ‘स्वान लेक’मधली ओदेत असो, सें-साँसच्या चेलो-रचनेवर फोकिनने नर्तिका पावलोवासाठी बसवलेला छोटा मरता हंस असो, किंवा बाउअरचा चित्रपट असो, कानांवर पिसं सगळीकडे तीच.

२४ जून

हवेत दमटपणा ८२ टक्के. जिलेटिन फुगलेलं असताना ब्रश लावणं म्हणजे धूळ आत दाबणं. कार्ड सिलिका जेलच्या डब्यात, काम बंद.

२ जुलै

डब्यात काटा ४० पर्यंत उतरला. मागची बाजू मऊ ब्रशने आणि व्हल्कनाइज्ड रबराच्या स्पंजने कोरडी झाडली. शाईवरून स्पंज नेला नाही. पुढच्या बाजूला फक्त फुंकणी. चंदेरी झाक पुसून काढायची नाही : ती म्हणजे प्रतिमेतलीच चांदी, ऑक्सिडीकरण होऊन वर आलेली. पुसली तर त्याबरोबर चित्रही थोडं जाणार.

काकू आल्या. मजकूर त्यांनी वाचला, मी लिहून घेतला. कुणा तान्याला नामदिनाच्या (आपल्या नावाच्या संताच्या दिवसाच्या) शुभेच्छा, ‘तुझी आवडती पाठवते आहे, मला तिचं तिकीट मिळालं नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य, आणि आद्याक्षरं. तारीख घातलेली नाही. पत्ता मॉस्कोचाच.

‘अगं, हे तात्याना-दिनाचं कार्ड आहे,’ काकू म्हणाल्या. ‘बारा जानेवारी, जुन्या पंचांगाने. आता पंचवीसला येतो. मॉस्को विद्यापीठाचाही तोच स्थापनादिवस, पूर्वी पोरं त्या दिवशी शहर डोक्यावर घ्यायची म्हणतात.’

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते पाहून मी विचारलं नाही की हॉस्टेलमध्ये त्यांनी कुणाला असं कार्ड पाठवलं होतं.

महिना आणि दिवस साधारण मिळाला, वर्ष राहिलं. तिकीट ३ कोपेकचं, लाल, राजचिन्हाच्या मालिकेतलं. देशांतर्गत पोस्टकार्डाचा दर तेव्हा तोच. ही मालिका १९०९ साली निघाली, म्हणजे कार्ड त्याआधी गेलेलं नाही. दुसरं टोक मात्र उघडंच राहतं, कारण ही तिकिटं क्रांतीपर्यंत चालली. मध्ये १९१३ साली रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीची तिकिटं निघाली, त्यांच्यावर झारांचे चेहरे होते. झारच्या तोंडावर काळा शिक्का मारायला पोस्टातली माणसं कचरायची अशी गोष्ट तिकीटवाले अजून सांगतात. आपल्या तिकिटावर गरुड आहे आणि शिक्का बिनदिक्कत मधोमध मारलाय, पण शाई कमी पडली. वाचता येतं ते एवढंच : मॉस्को, ११, १, आणि मग दोन आकड्यांच्या जागी एक सरळ काडी आणि दुसरा डाग.

डाग १ असेल तर १९११. ७ असेल तर १९१७. बाउअरचा ‘मरणारा हंस’ पडद्यावर आला तो १९१७च्या जानेवारीतच. दुकानदाराने पाकिटावर सन टाकताना बहुधा हाच डाग वाचला असावा.

५ जुलै

तिकिटाचा भाग १२०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला आणि तिन्ही रंग वेगळे करून पाहिले. निळ्या आणि हिरव्या भागात तिकीट गडद, शिक्का त्यात बुडालेला. लाल भागात तिकिटाची लाल शाई जवळजवळ पांढरी होते आणि काळी शिक्क्याची शाई एकटी उरते. गरुड गायब, कोपेकचा आकडा गायब, कागदावर तरंगणारं अर्धवट वर्तुळ आणि मधली तारखेची ओळ.

शेवटच्या आकड्याचा खालचा पाय सरळ उभा आहे, शेजारच्या काडीशी समांतर. डोक्याकडे डावीकडे खाली झुकलेलं लहान नाक. आडवी दांडी नाही. ७ असता तर या ठशात वरची दांडी ठळक हवी होती आणि पाय तिरपा. शाई वरच्या भागात पुरेशी लागलीय, त्यामुळे दांडी ‘उमटली नाही’ असं म्हणायला जागा नाही.

११.१.११. जुन्या पंचांगाने. पश्चिम युरोपात त्या दिवशी २४ जानेवारी होती. तान्याच्या नामदिनाच्या आदल्या दिवशी टाकलेलं, शहरातल्या शहरात दुसऱ्या दिवशी पोचणारं कार्ड. शिक्का आणि मजकूर एकमेकांना धरून आहेत, आणि ‘तिकीट मिळालं नाही’ हे वाक्यही आता नीट बसतं : ती बोल्शोईचं तिकीट म्हणतेय. तेव्हा कराल्ली एकवीस वर्षांची होती आणि सिनेमात यायला तीन वर्षं अवकाश होता.

६ जुलै

काकूंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण पटलंही नाही.

‘म्हणजे हा सिनेमाचा फोटो नाही?’

‘नाही काकू. सिनेमाच्या आधीचा आहे.’

‘मग प्रदर्शनाच्या नावाचं काय करायचं? पत्रिकेत “नर्तिका ते नटी” असं छापायला दिलंय मी.’

नाव ठेवता येईल, मी म्हटलं. हे कार्ड त्या नावातल्या ‘ते’च्या अलीकडचं आहे, इतकंच. त्या म्हणाल्या, ‘तू वाद घालायला लागलीस की मला माझे सर आठवतात,’ आणि फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा फोन : पत्रिका तशीच राहू दे, मजकूर तू लिही.

१४ जुलै

मजकूर लिहायचा म्हणून दोन्ही चित्रपट पुन्हा पाहिले. हा भाग कामाच्या यादीत नव्हता, पण टाळता येणार नव्हता.

‘मृत्यूनंतर’ तुर्गेनेवच्या ‘क्लारा मिलिच’ या १८८३ च्या दीर्घकथेवरून. तिच्यामागे खरी घटना आहे : येव्हलालिया कादमिना ही गायिका-नटी १८८१ साली खारकोव्हला प्रयोग चालू असताना विष घेऊन गेली. चित्रपटात कराल्लीच्या पात्राला तेच आडनाव दिलंय, झोया कादमिना. पुस्तकांत बुडालेला एकलकोंडा तरुण, वितोल्द पोलोन्स्की, तिला झिडकारतो, ती मरते, आणि मग तो तिच्या फोटोच्या नादी लागतो. तुर्गेनेवचा नायक तर हौशी फोटोग्राफर : तिच्या फोटोची प्रत काढतो, मोठी करतो, स्टिरिओस्कोपमध्ये घालून बघत बसतो. ती जिवंत वाटावी म्हणून हे सगळं, आणि समोर येते ती राखाडी, धुरकट आकृती. माझ्या टेबलावर त्याच बाईचं पोस्टकार्ड, त्यावर ९० अंशात लावलेले दोन दिवे. जरा अवघडल्यासारखं झालं खरं.

यातला मेजवानीचा प्रसंग बघण्यासारखा आहे. कॅमेरा पाहुण्यांच्या गर्दीतून लांबलचक सरकत राहतो, कट नाही, बुजलेला नायक लोकांच्या तावडीतून तावडीत जातो. १९१५ साली! बाउअर मुळात रंगभूमीचा नेपथ्यकार. खोलीला खोली कशी लावायची आणि पडद्याआडून उजेड कुठून सोडायचा हे त्याला कळत होतं, आणि बोरिस झावेलेवसारखा छायालेखक हाताशी होता. चार-पाच वर्षांत सत्तरहून जास्त चित्रपट करून १९१७ साली क्रिमियात पाय मोडला आणि त्या आजारपणातच गेला. नंतरच्या राजवटीला हे बुर्झ्वा रडगाणं नकोसं होतं, त्यामुळे रिळं सरकारी संग्रहात पडून राहिली. जगाने ती नीट पाहिली १९८९ साली, इटलीत पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवात.

‘मरणारा हंस’मध्ये ती मुकी आहे. मूकपटात मुकी नायिका : ऐकायला विनोद वाटतो, पण दिसायला नाही. इतर पात्रं ओठ हलवतात आणि पाटी येते. हिच्याकडे ओठही नाहीत, म्हणून खांदे, मनगटं, मान. बोल्शोईत शिकलेलं शरीर इथं कामाला येतं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा हावभाव ती कॅमेऱ्यासाठी निम्मा करते, आणि नाचाच्या प्रसंगात पुन्हा पूर्ण. मग येतो चित्रकार काउंट ग्लिन्स्की. त्याला मृत्यू रंगवायचाय. हिचा हंस पाहून त्याला वाटतं, सापडला. तो तिला बसवतो, चित्र रंगू लागतं. पण तिचा प्रियकर परत येतो, ती सुखावते, डोळ्यांत जीव येतो आणि चित्रकाराचं मृत्यूचं चित्र बिघडतं. तेव्हा तो तिचा गळा दाबतो. पोझ परत मिळते.

रशियन प्रेक्षकांना तेव्हा शोकांत शेवटच हवा असायचा. परदेशी पाठवायच्या प्रतींना वेगळा गोड शेवट जोडायचे. या चित्रपटाला गोड शेवट कसा जोडणार कोण जाणे.

दुकानदाराच्या पेन्सिलीचा राग आला तो इथं. बाईला हलण्यासाठी नाव मिळालं होतं. फिशरच्या काचेच्या छपराखाली तिला क्षणभर न हलता बसवलं, खांदा खरवडून अरुंद केला. सहा वर्षांनी चित्रपट आला, तो नेमका तिला न हलू देणाऱ्या माणसाबद्दल. आणि मग कुणीतरी फोटो उचलून त्या चित्रपटाच्या पाकिटात घातला. भिंतीवर हे असं लिहिणार नाही, पण दोन तारखा शेजारी शेजारी येतील याची काळजी घेणार.

जाता जाता : आपल्याकडे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण फाळक्यांना बाई मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, त्या नाटकातून. मॉस्कोत वर्षभराने बोल्शोईची प्रमुख नर्तिका कॅमेऱ्यासमोर. हे काकूंना आवडेल, पण या भिंतीवर जागा नाही.

२२ जुलै

पाऊस थांबला, दमटपणा डब्याबाहेरही सुसह्य. छायाप्रत काढली. फ्लॅटबेड स्कॅनरवर चंदेरी झाक दुधाळ निळी येते आणि अर्धी पार्श्वभूमी खाते, म्हणून कॅमेरा. दोन्ही दिव्यांवर ध्रुवीकरणाची फिल्म, भिंगावर फिल्टर, तो फिरवत फिरवत काटकोनात आणला. एका क्षणी झाक विझते आणि खालची काळी पार्श्वभूमी मखमली होऊन वर येते. शिरपेचाच्या डाव्या बाजूला दोन पिसं झाकेखाली दडली होती, ती आता मोजता येतात.

एक प्रत झाकेसह, साध्या उजेडात, नोंदीसाठी. एक झाकेविना, प्रदर्शनासाठी. कोपऱ्यावरची घडी दोन्हींत तशीच.

३० जुलै

पुतण्याने माझी प्रत कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून काढून पाठवली. रंगीत. ‘ताई, बघा, जिवंत वाटते ना?’

बघितली. ओठ लाल, गाल गुलाबी, पिसांना निळसर छटा. हनुवटीखालच्या पेन्सिलीच्या रेघा ‘डाग’ समजून गुळगुळीत केल्या. खरवडलेला खांदा त्याने अंदाजाने पुन्हा भरला, आणि तोही चुकीच्या रुंदीचा. सगळ्यात वाईट म्हणजे पापण्या थोड्या उघडल्या. बुबुळांतली स्टुडिओची खिडकी गेली, तिथं दोन सारखे पांढरे ठिपके आले.

मुलगा उत्साही आहे, त्याला तोडून बोलायचं नव्हतं. त्याला बोलावून भिंग हातात दिलं, आधी मान दाखवली, मग खांदा, मग डोळा. डोळ्यापाशी बराच वेळ थांबला. मग म्हणाला, ‘हे त्या काळचं फोटोशॉपच की.’ हो, पण ते फिशरच्या स्टुडिओतल्या माणसाने बाई समोर पाहून, किंवा निदान निगेटिव्ह हातात धरून केलेलं आहे. ते या वस्तूचा भाग आहे, ते ठेवायचं. रंगीत प्रत प्रदर्शनात नाही. त्याने ती मोबाइलच्या पडद्यावर लावलीय, त्याला माझी हरकत असायचं कारण नाही.

९ ऑगस्ट

प्रिंटच्या मापावरून काकूंशी ओढाताण. त्यांना दारात सहा फुटी फ्लेक्स हवा. माझं म्हणणं, हे हातात धरायचं चित्र आहे, पोस्टकार्डाचं पोस्टकार्डच राहू दे. मोठं केलं की डोळ्याआधी टचिंगच्या रेघा दिसतात. तडजोड : मूळ मापाची प्रत फ्रेममध्ये, आणि शेजारी फक्त डोळ्याचा तुकडा तळहाताएवढा. फ्लेक्स होणार, पण त्यावर कराल्ली नाही, काकूंच्या विद्यार्थिनी असतील.

प्रत बेराइटा कागदावर, किंचित उबदार काळ्यात. पहिल्या प्रिंटात काळा फार निळा गेला, दुसरा ठीक.

मूळ कार्ड दाखवायचंच असा काकूंचा आग्रह होता. उद्घाटनाच्या आठवड्यापुरतं, काचेच्या पेटीत, ५० लक्सच्या आत, हॉलच्या खिडकीला पडदा. नंतर मूळ काढून तिथं मागच्या बाजूची प्रत, म्हणजे तान्याचं पत्र वाचता येईल. हे त्यांना पटलं. पेटीत कार्डाला डिंक नाही, टेप नाही : पॉलिएस्टरचे चार कोपरे, आम्लरहित पाठ-पुठ्ठा.

१९ ऑगस्ट

भिंतीवरचा मजकूर, काकूंच्या दुरुस्त्यांसह :

‘वेरा कराल्ली (१८८९–१९७२), बोल्शोई बॅलेची प्रमुख नर्तिका, हंसाच्या वेशात. छायाचित्र : के. फिशर, मॉस्को. ब्रोमाइड फोटो-पोस्टकार्ड, ११ जानेवारी १९११ रोजी (जुन्या पंचांगाने) मॉस्कोतल्या एका मैत्रिणीला नामदिनानिमित्त पाठवलेलं. कराल्ली १९१४ साली चित्रपटांत आली. येवगेनी बाउअरच्या “मरणारा हंस” या चित्रपटात ती पुन्हा हंस झाली, १९१७ साली. मान, हनुवटी आणि डाव्या खांद्यावरचं हातकाम स्टुडिओतलं आहे आणि तसंच ठेवलं आहे.’

काकूंनी ‘प्रमुख’च्या आधी ‘सुप्रसिद्ध’ घातलं होतं, ते मी काढलं. त्यांनी ते परत घातलं. मी पुन्हा काढलं, तेव्हा त्यांनी ‘बरं बाई’ म्हटलं.

दुकानदाराचं पाकीट फेकायचं नाही. ते वेगळ्या आम्लरहित कव्हरात, कार्डाच्याच क्रमांकाखाली, आणि नोंदवहीत एक ओळ : पाकिटावरची ओळख शिक्क्याशी जुळत नाही, पाहा ५ जुलै.

कार्ड पॉलिएस्टरच्या बाहीत, बाही खोक्यात, खोक्यात सिलिका जेलची नवी पुडी. जेलचा रंग बदलला की ताव्यावर भाजून परत घालायची, हे काकूंना लिहून दिलंय.

पुढचं कार्ड मोझुखिनचं. मागं अल्बमच्या काळ्या पानाचे तुकडे घट्ट चिकटलेत, शाई त्यांच्याखाली आहे. पाण्याची वाफ देऊन सुटतात का ते पाऊस संपल्यावर बघायचं.